धरणे आणि दाबणे

स्वारगेटच्या एसटी स्थानकाबाहेर, पदपथावर, उंदीर मारण्याचे औषध विकणारा एखादा तरी फेरीवाला बसलेला असतो. त्याच्यासमोरून शेकडो माणसे जातात. कोणाला त्यात काही वावगे दिसत नाही. तिथून थोड्याच अंतरावर सारसबागेत तळ्यातला गणपती आहे, आणि त्याच्यापुढे हात जोडणारा माणूस त्याच्या वाहनालाही मनातल्या मनात नमस्कार करतो. एकच प्राणी एकीकडे विषाचा धनी आणि दुसरीकडे नमस्काराचा. या विसंगतीवर ललित लेख लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. मला तो लिहायचा नाही. मला बोलायचे आहे ते तिसऱ्या उंदराविषयी. पांढऱ्या अंगाचा, लाल डोळ्यांचा, वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा हा उंदीर पिंजऱ्यात जन्मतो आणि प्रयोगशाळेत मरतो. त्याच्याविषयी आपण सुशिक्षित मराठी माणसे जी करुणा बाळगून असतो, तिचा त्याला काडीचाही उपयोग नाही, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम आपले आणि त्याचे नाते काय, हे पाहू. याच स्वारगेटला भोर-सासवडकडून येणाऱ्या गाड्यांतून शेतात राबणारी माणसे उतरतात. त्यांच्यापैकी कोणाला बांधावर घोणस चावली, तर जीव वाचवणारी गोष्ट एकच असते, प्रतिविष. भारतीय औषधकोशाच्या मानकानुसार एक मिलिलिटर प्रतिविषाने नाग आणि घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, मण्यार आणि फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवे. ते होते की नाही, हे कसे ठरवतात? विष आणि प्रतिविष ठरावीक प्रमाणात मिसळून पांढऱ्या उंदरांना टोचतात आणि किती जगले, किती मेले, हे मोजतात. ज्या घोड्यांच्या रक्तातून हे औषध निघते त्यांची हाफकिनची पागा पिंपरीत आहे. घोड्यांचे कौतुक अधूनमधून वर्तमानपत्रांत छापूनही येते. उंदरांचे कोणी छापत नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसे तापाने पडू लागली. त्या रोगाचा विषाणू शोधून काढला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. आणि तो सापडला उंदरांना टोचूनच. डांग्या खोकल्याच्या जुन्या, संपूर्ण-जिवाणू लशीची ताकद मोजण्याची परंपरागत चाचणी तर अशी की, उंदरांना आधी लस द्यायची आणि मग त्यांच्या मेंदूत जिवंत जंतू टोचायचे. आपल्या पिढीतल्या ज्यांना लहानपणी त्रिगुणी लस मिळाली, त्या सर्वांच्या दंडामागे ही चाचणी आहे. तेव्हा "मी कधी उंदराला त्रास दिला नाही" असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

आता एक प्रसंग. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची धाकटी बहीण कऱ्हाडजवळच्या गावाहून पुण्यात एम. फार्म. करायला आली. शनिवारी ती स्वारगेटहून गावी जाई. गाडीला वेळ असला की चहाला थांबे. एकदा ती चहा न घेता नुसती बसून राहिली. खोदून विचारल्यावर कळले, त्या दिवशी तिच्या हातात एक उंदीर मेला होता. प्रयोगाने नव्हे. तिने त्याला पोटात इंजेक्शन देण्यासाठी धरले होते, तो चावेल या भीतीने मानेची कातडी घट्ट ओढून धरली होती, आणि सुई टोचेपर्यंत त्याचा श्वास थांबला होता. तिला कोणी शिकवले नव्हते काय? मार्गदर्शक म्हणाले होते, "बी. फार्म.ला व्हिडिओ पाहिले आहेत ना?" ते तिने पाहिले होते. नोंदवहीत त्या उंदराची जागा दुसऱ्याने घेतली. तिला शिकवले ते नंतर, पिंजरे धुणाऱ्या, भुसा बदलणाऱ्या, सगळे ज्यांना मामा म्हणतात अशा एका परिचराने. त्याने आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि सांगितले, "पोरी, दाबू नको. धर."

हे चार शब्द मला कोणत्याही नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचे वाटतात. त्यांच्यात जे ज्ञान आहे ते आपल्या व्यवस्थेने करुणेच्या नावाखाली अभ्यासक्रमाबाहेर काढले आहे.

भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१४च्या बी. फार्म. नियमावलीतील अभ्यासक्रम पाहावा. फार्माकॉलॉजीच्या पहिल्या प्रात्यक्षिकात प्रयोगशाळेतील प्राण्यांची ओळख आहे, त्यांची निगा आहे, रक्त काढणे आहे, भूल देणे आहे, वेदनारहित मृत्यू देणे आहे, उंदरांना औषध देण्याचे निरनिराळे मार्ग आहेत. आणि यादीच्या शेवटी टीप आहे की, ही सर्व तंत्रे आणि प्राण्यांवरील प्रयोग संगणकीय आज्ञावली आणि चित्रफिती यांच्या साहाय्याने दाखवावेत. एम. फार्म.च्या फार्माकॉलॉजी शाखेत मात्र प्राण्यांची हाताळणी, औषध देणे, रक्त घेणे ही प्रात्यक्षिकेच आहेत. म्हणजे चार वर्षे पडदा, आणि पाचव्या वर्षी एकदम जिवंत, उबदार, धडधडणारा जीव तळहातात.

माझा विरोध पडद्याला नाही. पूर्वी पदवीच्या वर्गांत दरवर्षी तेच ते, उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रयोग करण्यासाठी असंख्य बेडूक आणि उंदीर मारले जात. त्यातून कोणतेही नवे ज्ञान निघत नव्हते. वीसजणांच्या गटात दोघे काम करत आणि अठराजण आकडे उतरवून घेत. ते थांबले, हे उत्तम झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्रातील विच्छेदन बंद केले, तेही योग्यच. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये तयार झालेल्या 'एक्सफार्म'सारख्या आज्ञावलींनी औषधाचा परिणाम समजावून देण्याचे काम चांगले केले आहे. औषधाने आलेख वर गेला की खाली, हे पडद्यावर कळते. पण हाताळणी ही परिणामाची माहिती नव्हे. ती हाताची विद्या आहे. पोहणे, तबला, भाकरी थापणे यांच्याच जातीची. व्हिडिओ पाहून भाकरी थापणाऱ्याची पहिली भाकरी फाटते. फाटलेल्या भाकरीला दुखत नाही, एवढाच फरक आहे.

आपल्या मराठी लेखनात या विद्येचे वर्णन कोठे आढळत नाही, म्हणून ते येथे करतो. उंदराला धरण्याची परंपरागत रीत अशी: शेपटीच्या बुडाशी, टोकाशी कधीही नव्हे, हलकेच पकडून त्याला पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायचे. तो पुढच्या पायांनी जाळी घट्ट धरून पुढे ओढ घेतो. त्या क्षणी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने कानांमागची सैल कातडी चिमटीत घ्यायची, हात उलटा करून त्याची पाठ तळहातावर आणायची आणि शेपटी करंगळीखाली अडकवायची. चिमूट सैल राहिली तर तो मान वळवून चावतो. ती अधिक ओढली गेली तर छाती फुलायला जागा राहत नाही आणि तो गुदमरतो. या दोहोंमधले अंतर फार थोडे आहे. ते कोणत्याही चित्रफितीत दिसत नाही, कारण ते दिसणारे नसून जाणवणारे आहे.

पोटात इंजेक्शन देताना डोके किंचित खाली झुकवतात, म्हणजे आतडी पुढे सरकतात. सुई टोचतात ती उदराच्या खालच्या उजव्या भागात, कारण मोठ्या आतड्याचा फुगीर भाग डाव्या अंगाला असतो. सुई आत गेल्यावर दट्ट्या थोडा मागे ओढून पाहायचा: पिवळा द्रव आला तर मूत्राशय, हिरवट-तपकिरी आला तर आतडे, लाल आले तर रक्तवाहिनी. असे झाले तर ते औषध टाकून द्यायचे आणि नवी सुई घ्यायची. पंचवीस ग्रॅमच्या उंदराच्या पोटात साधारणपणे पाव मिलिलिटरहून अधिक द्रव घालू नये. त्याच्या अंगात रक्त असते ते अवघे दीड-दोन मिलिलिटर. एका वेळी त्याच्या एक-दशांशापेक्षा जास्त काढू नये, म्हणजे चार-पाच थेंबांहून फारसे अधिक नाही. शेपटीच्या दोन्ही कडांना असलेल्या नीला ऊब दिली की फुगतात आणि सुईला सापडतात. गालाच्या कोपऱ्यातून, मागच्या पायाच्या नीलेतून रक्त घेता येते. डोळ्याच्या कोपऱ्यातून बारीक काचनळी सारून मागच्या रक्तजालातून रक्त घेण्याची पद्धतही आहे. सराईत हाताला त्यासाठी काही सेकंद लागतात. अडाणी हाताने डोळा जाऊ शकतो. ती भूल दिल्याखेरीज करू नये.

हे वाचताना ज्या वाचकांनी मान फिरवली असेल, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पुन्हा वाचावे. माझा आरोप नेमका या मान फिरवण्यावर आहे. आपण पाहिले नाही म्हणून सुई टोचायची राहत नाही. आपण न पाहिल्यामुळे ती कशी टोचली जाते हे विचारणारे कोणी उरत नाही, एवढेच होते.

कोणी म्हणेल, मरणारच आहे तो उंदीर. धरले कसे, याने काय फरक पडतो? विज्ञानानेच याचे उत्तर दिलेले आहे. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिले की, शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला घाबरतात, टाळतात आणि अधिक चिंताग्रस्तपणे वागतात. उलट नळीतून किंवा दोन्ही हातांच्या ओंजळीतून उचललेले उंदीर पुढच्या वेळी आपणहून जवळ येतात. म्हणजे मी वर वर्णिलेल्या परंपरागत रीतीचीही पहिली पायरी आता बदलायला हवी. ओंजळ हा शब्द आपल्याकडे अर्घ्य आणि दान यांच्यासाठी राखलेला आहे; एका प्रयोगशाळेने तो उंदरासाठी खरा ठरवला. त्याच साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील जेफ्री मोगिल यांच्या गटाने उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची श्रेणी प्रसिद्ध केली: डोळे किती मिटले, नाक आणि गाल किती फुगले, कान कसे वळले, मिशा कशा ताठरल्या, या पाच खुणांना शून्य ते दोन गुण. २०१४ साली याच गटाने असेही दाखवले की, पुरुष प्रयोगकर्ता नुसता जवळ असला, इतकेच काय, त्याने घातलेला सदरा जवळ ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो आणि त्यांच्या वेदनेच्या खुणा दबतात. ताणाखाली असलेल्या उंदराच्या रक्तात ताणाचीच रसायने असतात. अशा रक्तावरून काढलेला निष्कर्ष औषधाविषयीचा की भीतीविषयीचा? वाईट हाताने धरलेला उंदीर दुःख तर भोगतोच, वर ते फुकट भोगतो. आकडे बिघडतात, प्रयोग पुन्हा करावा लागतो आणि आणखी उंदीर लागतात.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, आणि जे करावे लागेल ते कमीत कमी यातनेने करा. पहिली दोन तत्त्वे आपल्याकडे सगळ्यांना प्रिय आहेत, कारण ती कागदावर पाळता येतात. तिसऱ्याला हात लागतो. युरोपीय संघाच्या २०१०च्या निर्देशात स्पष्ट म्हटले आहे की, प्राण्यांवर काम करणाऱ्याला प्रशिक्षण हवे आणि त्याची क्षमता सिद्ध होईपर्यंत त्याने देखरेखीखालीच काम करावे. हे प्रशिक्षण पहिल्या दिवशी जिवंत प्राण्यावर व्हावे असेही नाही. आधी रबरी प्रतिकृती, मग दुसऱ्या कारणाने मेलेल्या उंदराचे शरीर, मग भूल दिलेला, आणि सर्वांत शेवटी जागा. शेजारी जाणता माणूस. या पायऱ्या अवघड नाहीत. आपल्याकडे त्या नाहीत असे नव्हे. काही चांगल्या संस्थांत त्या कसोशीने पाळल्याही जातात. पण त्यांचे पाळले जाणे संस्थेच्या सदसद्विवेकावर सोडलेले असणे, हीच तक्रार आहे.

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे, म्हणजे भाषेकडे येतो. प्रयोगशाळेत उंदीर मारला जात नाही. तो 'सॅक्रिफाइस' होतो. शोधनिबंधात हे वाक्य नेहमी कर्मणी प्रयोगात असते. कर्मणीत कर्ता गाळता येतो, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. येथे तो सोयीने गाळला जातो. यज्ञातला बळी देणाऱ्याला निदान यजमान म्हणून बसावे लागे. येथे यजमान नाही, बळी मात्र आहे. दुसरी गोष्ट: आपल्या बोलीत माउस आणि रॅट या दोघांनाही उंदीरच म्हणतात, आणि त्यांना धरण्याच्या रीती वेगळ्या आहेत. तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट: पुण्यातल्या प्राणिगृहांत रोज उंदरांना हात लावणारा माणूस बहुधा मराठी बोलणारा परिचर असतो, आणि भिंतीवर डकवलेली कार्यपद्धती इंग्रजीत असते. ज्या हाताला सर्वांत अधिक कळते त्याला वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते त्याच्या हाताला काही कळत नाही. मामांचे ज्ञान कोणत्याही प्रबंधात येत नाही; आले तर ऋणनिर्देशात, 'शिक्षकेतर कर्मचारी' या दोन शब्दांत.

शेवटचा मुद्दा आपल्यासारख्यांना थेट लागू आहे. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६०चा. त्याच्या आधारे केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने १९९८ साली प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम केले, आणि त्यांनुसार प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी-नीतिसमिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, प्राणिगृहाचा प्रमुख असतो. आणि एक सदस्य असा असतो, जो शास्त्रज्ञ नसतो पण 'सामाजिकदृष्ट्या जागरूक' असतो. ही खुर्ची कोणासाठी आहे? वकिलासाठी असू शकते, समाजसेवकासाठी असू शकते, आणि भाषेच्या प्राध्यापकासाठीही असू शकते. आपण मंडळी चर्चासत्रांत शोषितांच्या मूक वेदनेवर दोन-दोन तास बोलतो. अशी खुर्ची पुढे आली की म्हणतो, "आम्हाला त्यातले काय कळते?" आणि बसलो तरी सही करून चहा पिऊन येतो. त्या खुर्चीवरून विचारायचे प्रश्न मराठीच्या एम.ए.ला सहज विचारता येतील असे आहेत. हा उंदीर कोण धरणार? त्या हाताने याआधी किती वेळा धरला आहे? त्याला कोणी शिकवले? तो हात तयार आहे, हे कोणी पाहिले? परिचराला कार्यपद्धती त्याच्या भाषेत दिली आहे काय? वेदनेच्या त्या पाच खुणा कोण आणि दिवसातून किती वेळा पाहणार? चेहरा वाचण्याचे शिक्षण घेतल्याचा दावा आपणच तर करतो.

माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे सारे त्या कत्तलीला सभ्य करण्यासाठी चालले आहे. मुळात प्रयोगच बंद व्हावेत. ज्यांना असे प्रामाणिकपणे वाटते आणि जे प्रतिविषाची कुपी नाकारायला तयार आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. असा मनुष्य मला अजून भेटलेला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मार्च २०२३मध्ये औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांखेरीजच्या, म्हणजे मानवी पेशींवरच्या आणि संगणकीय चाचण्यांना भारतात वाव मिळाला. मग उद्या नाहीशा होणाऱ्या कौशल्यासाठी एवढा आटापिटा कशाला? तो उद्या यावा, लवकर यावा. पण तो येईपर्यंत आजचा उंदीर आजच्याच हातात असणार आहे, आणि त्याला उद्याच्या पर्यायाचा आधार देता येत नाही.

माझी मागणी मोठी नाही. ज्याला जिवंत प्राण्याला हात लावायचा आहे, त्याचा हात आधी तपासला जावा आणि तसे लेखी नोंदवले जावे. मामांना शिक्षक म्हणून वर्गात उभे करावे आणि त्या तासाचे मानधन द्यावे. आणि धरण्याची, टोचण्याची, रक्त घेण्याची, मृत्यू देण्याची रीत चार पानी मराठीत छापून प्रत्येक प्राणिगृहाच्या दारावर लावावी. ती चार पाने भाषा शुद्ध करून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. मजकूर मामा सांगतील.

त्या मुलीने पुढे काम पूर्ण केले. आता ती नव्या मुलांना शिकवते, आणि पहिल्या दिवशी त्यांच्याकडून सुई काढून घेते. आठवडाभर फक्त ओंजळ.